डेडस्टॉकमधली लॅब आणि ओढ्यातला पाईप

खंडेनवमीला थ्रीडी प्रिंटरला हळदकुंकू लावलेलं बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग शिपाईमामांनी सांगितलं की वर्षातनं त्या मशीनवरचं कव्हर निघतंय ते ह्या एकाच दिवशी. कव्हर काढायचं, फडक्यानं पुसायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, पोरांना खोबरं वाटायचं आणि दसरा झाला की परत कव्हर. पूजा आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत पण होते, लेथला माळ, ड्रिलला माळ, पण तिथं माळ सुकायच्या आत मशीन परत चालू झालेलं असतं. इथं माळ वाळून भुगा झाली तरी मशीन गप्प.

ही केस त्या लॅबची आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव, प्रयाग चिखलीपासनं फार लांब नाही, एवढं पुरे. शाळा संस्थेची, अनुदानित, पाचवी ते दहावी. मी तिथलाच माजी विद्यार्थी, शिरोली एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला वीस वर्षं काढली, आणि २०२२ च्या पावसाळ्यात शाळेत नवीन आलेल्या विज्ञानाच्या मॅडमनी फोन केला की सर, शनिवारी दोन तास मोकळे असता काय. म्हटलं असतो की. तेव्हापासून जे झालं ते लिहून काढतोय, कारण आता आजूबाजूच्या दोन-तीन शाळांतले शिक्षक विचारायला लागलेत की तुमची लॅब चालू कशी झाली, आणि फोनवर सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय.

आधी योजना काय ते सांगतो. अटल टिंकरिंग लॅब. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची, २०१६ पासूनची. सहावी ते बारावीच्या पोरांनी हातानं काहीतरी करून बघावं, तोडावं, जोडावं म्हणून निवडलेल्या शाळेला २० लाख. त्यातले १० लाख लॅब उभी करायला, १० लाख पुढच्या पाच वर्षांत चालवायला. जागा शाळेची. आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम घालून सेन्सर-मोटारी चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, सोल्डरिंग आयर्न, थ्रीडी प्रिंटर, मोटारी, हत्यारं असं सगळं त्यात येतं. देशात अशा १० हजार लॅब झाल्यात आणि २०२५ च्या बजेटात अजून ५० हजार, सरकारी शाळांत, पाच वर्षांत, असं जाहीर झालंय. मिशनला २०२८ च्या मार्चपर्यंत २,७५० कोटी मंजूर आहेत. मी ह्याच्या विरोधात अजिबात नाही. मला ह्याच शाळेत आठवीत व्होल्टमीटर बघायला मिळाला तो कपाटाच्या काचेतनं. किल्ली सरांकडं, सर सुट्टीवर. त्यामुळं वीस लाख रुपये खेडेगावातल्या शाळेच्या खात्यावर थेट येतात हे बघून मला खरंच भारी वाटलं होतं.

शाळेला पैसे २०१९ ला आले. पहिला हप्ता बारा लाख, दहा उभारणीचे आणि दोन चालवायचे. खरेदी झाली, भिंतीवर रॉकेट रंगवलं, फीत कापली. आणि ऑगस्टमध्ये महापूर. पुढचं कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाळा वरच्या अंगाला म्हणून पूरग्रस्तांची सोय तिथंच, आणि लॅबची खोली मोठी, कुलुपाची, म्हणून बिस्किटाचे बॉक्स आणि पाण्याच्या बाटल्या त्या रॉकेटखाली. ते आवरतंय तोवर मार्च २०२० ला कोरोना. शाळा उघडल्यासारखी झाली तोवर जुलै २०२१, परत पूर, २०१९ पेक्षा पण वर. इथपर्यंत कुणालाच नावं ठेवायची सोय नाही. पण २०२२ ला पोरं रोज शाळेत येत होती, पाऊस बेताचा होता, तरीही कुलूप तसंच, तिथनं पुढं ही केस खरी सुरू होते.

कुलपाचं कारण होतं एक रजिस्टर. डेडस्टॉक रजिस्टर. कागदावर त्याला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. ज्यानं शाळेत नोकरी केली त्याला त्याचं वजन माहिती आहे. लांबडं, कापडी बांधणीचं, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वस्तूचं वर्णन, नग, दर, एकूण, शेरा. ह्यात बेंच येतात, घंटा येते, शाळेचा ढोल येतो. एकदा आत गेलेली वस्तू बाहेर काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, मंजुरी. आणि २०१९ ला खरेदी झाली तेव्हा क्लार्कनी, बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं, जे खोक्यात आलं ते सगळं ह्याच रजिस्टरात ओळीनं चढवलं. थ्रीडी प्रिंटर एक नग, ठीक आहे. त्याच्याखाली एलईडी लाल शंभर नग. एलईडी हिरवा शंभर नग. रेझिस्टर, नग. जंपर वायर, नग. आणि एका ओळीत 'ब्रेड बोर्ड दहा नग', म्हणजे सर्किट जोडायचा भोकाभोकांचा बोर्ड, ज्यावर ऑडिटला आलेल्या माणसानं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून विचारलं होतं म्हणे की हे शालेय पोषण आहाराचं साहित्य इकडं कसं.

हसू येतं, पण बघा काय होतं ते. एलईडी डेडस्टॉकात आहे म्हणजे शंभरचे शंभर कायम दिसले पाहिजेत. पोरानं एक जाळला की नव्याण्णव. मग तो एक कुठं गेला, कुणाच्या ताब्यात होता, वसुली कुणाकडनं. किंमत दोन रुपये असली तरी नग तो नग. म्हणून हेडसरांनी नियम केला होता, बघायचं, हात लावायचा नाही. पाहुणे आले की लॅब उघडायची, पोरांना रांगेनं फिरवायचं, परत कुलूप. मला आधी हेडसरांचा राग आला होता. नंतर एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळात शाळेतला प्रोजेक्टर चोरीला गेला, पंचनामा झाला, चोर सापडला नाही, आणि तो नग निकाली निघेपर्यंत त्या सरांच्या पेन्शनचे कागद अडकून पडले होते. "मला अजून तीन वर्षं काढायच्यात," हेडसर म्हणाले. ह्यावर मी काय बोलणार? माणूस भित्रा नव्हता, त्यानं पाहिलेलं होतं.

आता ह्याचा दुसरा फटका बघा. लॅब चालवायचे दोन लाख खात्यावर पडून. वस्तू वापरल्याच नाहीत तर नवीन आणायच्या कशाला, म्हणून खर्च नाही. खर्च नाही म्हणून युटिलायझेशन सर्टिफिकेट नाही, म्हणजे जीएफआरचा, केंद्राच्या आर्थिक नियमांचा, १२-ए फॉर्म, आलेला पैसा कशावर गेला ते सीएच्या सहीनं सांगायचं असतं तो. सर्टिफिकेट चढवलं नाही म्हणून पुढचा हप्ता नाही. शाळेत सगळेजण म्हणत होते सरकारनं पैसे अडवले. सरकारनं काही अडवलं नव्हतं, आमच्याकडनं कागदच गेला नव्हता. दिल्लीहून आलेला पैसा आमच्या कपाटापर्यंत नीट पोचला, अडकला तो कपाट आणि पोराचा हात ह्यांच्यातल्या चार फुटांत.

ही गाठ सोडवली मॅडमनी, आणि ती पण विज्ञान वापरून नाही, नियम वाचून. शाळेचं ऑडिट बघणाऱ्या सीएंच्या शहरातल्या ऑफिसात त्या दोन वेळा जाऊन बसल्या. तिथं त्यांना कळलं की केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्समध्येच, २०१७ च्या, नियम २११ मध्ये, दोन वेगळ्या वह्या सांगितल्यात. कायम टिकणाऱ्या वस्तू फॉर्म २२ मध्ये. वापरून संपणाऱ्या वस्तू, म्हणजे स्टेशनरी, केमिकल, स्पेअर पार्ट असलं सगळं, फॉर्म २३ मध्ये, आणि त्यात आवक, दिलेलं, शिल्लक असे रकानेच आहेत. म्हणजे वस्तू संपणार हे सरकारनं आधीच धरलेलंय! एलईडी संपला तर तो गुन्हा नाही, ती नोंद आहे. इतकी वर्षं आम्ही ज्या नियमाच्या भीतीनं कुलूप लावून बसलो होतो तो नियम कुणी उघडून वाचलाच नव्हता.

दोन शनिवार आम्ही फक्त विभागणी केली. मी, मॅडम, क्लार्क आणि नववीची चार पोरं. प्रिंटर, ड्रिल मशीन, लॅपटॉप, मल्टिमीटर एकीकडं. एलईडी, वायर, सोल्डर, सेन्सर, फिलामेंटचे म्हणजे प्रिंटरच्या प्लास्टिक तारेचे रोल दुसरीकडं. आर्डुइनो बोर्डावर वाद झाला. क्लार्क म्हणाले टिकाऊ, मी म्हटलं पोरांच्या हातात हे चार महिने टिकलं तरी डोक्यावरनं पाणी, शेवटी सीएंना फोन करून ते स्पेअर पार्टात घातले. शाळा समितीच्या मीटिंगमध्ये ठराव घेतला, हेडसरांची सही.

आणि मग मॅडमनी जे केलं ते मला जन्मात सुचलं नसतं. पहिल्या तासाला हेडसरांना लॅबमध्ये बोलावलं, हातात नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लाल एलईडी दिला, आणि म्हणाल्या सर, ह्याला रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा तुकडा, न लावता डायरेक्ट जोडा. सरांनी जोडला. एकदा लख्ख झाला, वास आला, गेला. वर्गात शांतता. सर माझ्याकडं बघतायत, मी खाली बघतोय. मॅडमनी नवीन वही उघडली आणि सरांच्या देखत लिहिलं, एलईडी लाल, एक नग, कारण: रेझिस्टर का लागतो ते शिकवताना जळाला. शिल्लक नव्याण्णव. सरांनी सही केली. तो पान नंबर एक. अजून आहे.

त्यानंतर लॅब आठवड्यातनं तीन दिवस शाळा सुटल्यावर उघडी. सुरुवातीला तेच सगळीकडं असतं ते, चमकणारा स्टार, टाळी वाजवली की लागणारा बल्ब, किटबरोबर आलेल्या पुस्तकातले प्रयोग. मला कंटाळा आला होता खरं सांगायचं तर. पोरांना पण. पोरं पटापट पुस्तकातलं करायची आणि मोबाईलवर रील बघायची.

ओढ्याचा विषय निघाला जून २०२३ ला, आणि तो पण रागातनं. गावाच्या पलीकडं एक वाडी आहे, शाळेतली बरीच पोरं तिथनं येतात, मध्ये ओढा आणि ओढ्यावर मोरी, म्हणजे छोटा ठेंगणा पूल. पंचगंगा चढली की ह्या ओढ्याला फुगवटा येतो, पाणी उलटं मागं सरतं, आणि मोरी पाण्याखाली जाते. कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, मोबाईलवर दर तासाला मेसेज. पण ही मोरी बंधाऱ्याच्या आकड्यावर चालत नाही. वरच्या अंगाला जोरात पाऊस झाला तर इशारा पातळीच्या कितीतरी आधीच ती बुडते, आणि बुडते नेमकी रात्री. वाडीवरची नववीतली एक पोरगी तिरीमिरीत म्हणाली, "मॅडम, सगळं जग सांगतंय बंधाऱ्यावर किती पाणी हाय, आमच्या मोरीवर किती हाय ते कोण सांगत न्हाई. मी रोज पाटीदप्तर घेऊन खाली जातो आणि परत येतो." (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं पोरी पण जातो-येतो-करतोच म्हणतात, चूक नाही ती.)

झालं, विषय मिळाला. पहिला प्रयत्न सगळे करतात तोच, अल्ट्रासॉनिक सेन्सर. एचसी-एसआर-०४ म्हणून दोन डोळ्यांसारखा सेन्सर येतो, एक डोळा आवाज सोडतो, दुसरा परत आलेला पकडतो, किती वेळ लागला त्यावरनं अंतर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, जाऊन येऊन म्हणून अर्धं करायचं. चार मीटरपर्यंत मोजतो. बादलीवर धरला तर इतकं अचूक की पोरं नाचायला लागली. ओढ्यावर धरला आणि सगळं बोंबललं. पावसाच्या पाण्यावर फेस, काडीकचरा, जलपर्णीचा पुंजका तरंगत आला की सेन्सरला वाटतंय पाणी वर आलं. आकडा उड्या मारतोय. आणि तो सेन्सर उघडा, पावसात एका रात्रीत गेला. वहीत नोंद, एक नग, कारण: पाऊस.

तोवर दुसऱ्या टेबलावर मेसेज पाठवायचं मॉड्यूल चालू होतं, सिम घालून एसएमएस जातो ते. ते सुरू व्हायचं, लाईट लुकलुकायची, मेसेज पाठवायला घेतलं की बंद पडून परत पहिल्यापासून. दोन शनिवार गेले. मला कारण माहिती होतं पण मी गप्प बसलो, मॅडमनी डोळ्यांनीच दटावलं होतं. शेवटी त्याच वाडीवरच्या पोरीनं सांगितलं, "सर, शेतातली मोटर चालू झाली की घरातला बल्ब बारीक होतोय, तसंच की हे." बरोबर तेच! मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, आर्डुइनोच्या पिनेतनं तेवढा मिळत नाही, व्होल्टेज पडतं, मॉड्यूल झोपतं. वेगळा लिथियम सेल दिला, मध्ये मोठा कपॅसिटर टाकला, चाललं. मग कळलं की एका पोराच्या वडिलांचं सिम घातलंय ते फक्त फोरजीचं आणि मॉड्यूल टूजीवालं, त्यामुळं नेटवर्कच धरत नव्हतं. टूजी चालणारं सिम आणलं. एवढ्या एका मेसेजच्या नादात त्या पोरांना करंट, व्होल्टेज, कपॅसिटर, मोबाईल नेटवर्क सगळं कळलं, आणि मी पैजेवर सांगतो, धडा वाचून त्यातलं पाव पण कळलं नसतं.

पाणी मोजायचं मात्र जमेना. इथं आठवीतला एक पोरगा, अभ्यासात यथातथा, मॅडमच्या भाषेत 'वर्गात असून नसल्यासारखा', म्हणाला, "टाकीतल्या बॉलकॉकला कुठं करंट लागतोय?" मी त्याच्याकडं बघत राहिलो. गोळा तरंगत वर आला की पाणी बंद, एवढंच तर ते. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोराला पण माहिती असतात, धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. ते दरवाजे रोज बातम्यांत बघणारी आम्ही माणसं चार मीटरवर आवाज आपटवत बसलो होतो.

मग पाईप. चार इंची पीव्हीसी पाईप मोरीच्या कठड्याला उभा बांधायचा, खालनं पाणी आत येऊ द्यायचं, आत एक तरंगणारा गोळा, गोळ्यावर लोहचुंबक, आणि पाईपच्या बाहेरच्या अंगाला ठरावीक उंचीवर रीड स्विच, काचेच्या नळीतली दोन पाती असतात, चुंबक जवळ आलं की चिकटतात, सर्किट पूर्ण. गोळा पहिल्या स्विचपाशी आला की पहिला मेसेज, दुसऱ्यापाशी दुसरा, तिसऱ्यापाशी तिसरा, म्हणजे मोरी बुडाली. फेस बाहेर, जलपर्णी बाहेर, पाईपच्या आत पाणी शांत.

पाईप आणि क्लँपसाठी मी पोरांना घेऊन उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींच्या वर्कशॉपात गेलो. साठीचा माणूस, शिक्षण चौथी, हाताला डोळे. पोरांनी ड्रॉइंग दाखवलं, खाली एक मोठं भोक. मिस्त्री म्हणाले, "एक भोक पाडलं तर पाणी आत उसळ्या मारंल, बाळांनो. बारीक बारीक लई भोकं पाडा, म्हंजे हळू चढतंय." मग प्रिंटरवर काढलेला सर्किटचा डबा त्यांच्या हातात दिला, पोरांची छाती फुगलेली, रॉकेटखालच्या मशीननं काढलेली पहिली कामाची वस्तू. त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं हे उन्हात ठेवणार काय. ठेवणार म्हटल्यावर नुसते हसले. मे महिन्यात चाचणीला लावला तर खरंच डबा वाकडा झाला, ते फिलामेंट पीएलए प्लास्टिकचं, साठ अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि बंद डबा भर उन्हात तेवढा तापतोय. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमचा जुना डबा दिला, रबरी पॅकिंग घालून. पैसे विचारले तर म्हणाले पोरास्नी आत येऊ दिलं हीच माझी फी समजा. ह्याचा अर्थ मला नंतर कळला. त्यांच्या वर्कशॉपात शाळेची पोरं कधी आलीच नव्हती. शाळेपासनं अर्ध्या तासावर एवढं मोठं उद्यमनगर, पिढ्यान्‌पिढ्या ऑईल इंजिनपासनं कास्टिंगपर्यंत सगळं हातानं करणारी माणसं, आणि आमच्या लॅबच्या मेंटॉरच्या यादीत सगळे इंजिनिअरिंग झालेले. मी पण.

मधल्या काळात पोरीनं ही कल्पना इन्स्पायर मानक योजनेत पाठवली होती. ही केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची, नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनबरोबरची योजना, शाळेनं पोरांच्या कल्पना ऑनलाईन पाठवायच्या आणि निवड झाली तर मॉडेल बनवायला १० हजार रुपये थेट पोराच्या खात्यावर. निवड झाली, पैसे आले. तिच्या नावावर आलेले ते पहिले पैसे. तिच्या वडिलांनी, फौंड्रीत कामाला आहेत, पासबुक तीनदा वाचलं असं ती सांगत होती. मला ही योजना सगळ्यात आवडते ती ह्याच कारणानं, मध्ये शाळा नाही, रजिस्टर नाही, पैसा थेट कल्पना असणाऱ्याच्या नावावर. पुढं एका प्रदर्शनात मात्र परीक्षकांनी विचारलं, "ह्यात नवीन काय? फ्लोट स्विच तर जुनाच आहे." पोरगी म्हणाली, "सर, जुनंच हाय, पण आमच्या मोरीवर नव्हतं." नंबर आला नाही. शेजारच्या टेबलावर ॲपवालं काहीतरी होतं, चमकणारं, त्याचा आला. परीक्षकांचं तरी काय चुकलं, इनोव्हेशन म्हणजे नवीन असं लिहिलेलंच असतं. पण शाळेच्या लॅबला नवीनपणाची फूटपट्टी लावायची का कामाला येण्याची, ह्यावर माझं मत तुम्हाला कळलंच असेल.

जुलै २०२४. धुवाधार. पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली तो आठवडा, पण त्याच्या आधीची गोष्ट. पाईप कठड्याला, डबा वर झाडाच्या फांदीला. मेसेज कुणाला जायचे ह्यावर वर्गात मतदान झालं होतं. मॅडम, शिपाईमामा आणि दूध डेअरीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी का तर पोरांचं म्हणणं असं की पहाटे पाचला गावात नक्की जागा असणारा तो एकच माणूस आहे, आणि डेअरीवर वाडीवरचे सगळे दूध घालायला येतात. हे कुठल्याही मेंटॉरला सुचणारं नव्हतं. पहिला मेसेज रात्री पावणेअकराला, दुसरा पहाटे चारच्या सुमाराला. सेक्रेटरींनी पाचला डेअरीवर सांगितलं, साडेपाचला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरनं पुकारलं, वाडीवरची बारकी पोरं त्या सकाळी घरातनं निघालीच नाहीत.

तिसरा मेसेज आला नाही. मोरी बुडाली तरी आला नाही. आम्ही समजलो पाईप वाहून गेला. पाणी उतरल्यावर बघितलं तर पाईप जागेवर, गोळा मोकळा, स्विच धड, सेल चार्ज. सिमचा रिचार्ज संपला होता, मध्यरात्री बारा वाजता वैधता संपली आणि... नाही, तसंही नाही, दुसरा मेसेज चारला गेलाय म्हणजे कंपनीनं सकाळपर्यंत सवलत दिली असावी, ते गणित अजून आम्हाला सुटलेलं नाही. कारण काही असो, रिचार्ज केला आणि अडकलेला मेसेज ठणकन आला, आठ दिवस उशिरा.

आणि इथं परत तेच. रिचार्ज कुठल्या हेडमधनं करायचा? क्लार्क म्हणाले मोबाईल रिचार्ज म्हणजे वैयक्तिक खर्च, ऑडिटला बसणार नाही. मॅडम तोवर स्वतःच्या खिशातनं करत होत्या आणि त्या महिन्यात विसरल्या, कारण त्या महिन्यात त्यांना बीएलओचं काम लागलं होतं, मतदार यादीचं, घरोघरी. लॅबसाठी वेगळा शिक्षक मिळत नाही, विज्ञानाच्या शिक्षकानंच सगळे तास, पेपर, शाळाबाह्य कामं सांभाळून लॅब इन्चार्ज व्हायचं. वीस लाखांत प्रिंटर बसतो, मॅडमचे आठवड्याचे सहा तास बसत नाहीत. मला विचाराल तर पन्नास हजार लॅबच्या यादीत हा एकच बदल करा म्हणेन, पाच लाखांचं सामान कमी घ्या आणि त्या पैशात इन्चार्जचे तास मोकळे करा. देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो म्हणून आपण ओरडतो, २०२५ ला केंद्रानं संशोधनासाठी एक लाख कोटीची योजना मंजूर केली म्हणून टाळ्या वाजवतो, दोन्ही ठीक आहे. पण आमच्या मोरीवरचं संशोधन एका रिचार्जवर थांबलं होतं, आणि तो आकडा कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

आता सध्या. युटिलायझेशन सर्टिफिकेट वेळेत जातं, पुढचा हप्ता आला. रिचार्जला सीएंनी तोडगा काढला, उपकरण चालवण्याचा खर्च म्हणून, सिम शाळेच्या नावावर करून. वाडीवरची पोरगी दहावी झाली, शहरात डिप्लोमाला आहे, सुट्टीत आली की पाईप साफ करून जाते. बॉलकॉकवाला पोरगा शनिवारी मिस्त्रींच्या वर्कशॉपात जातो, अभ्यास अजून यथातथाच.

फक्त पाईपचा घोळ झालाय. हिशेब लावताना क्लार्कनी सवयीनं तो टिकाऊ वस्तू म्हणून डेडस्टॉकात चढवला, पीव्हीसी पाईप चार इंची, दहा फूट, एक नग, ठिकाण: ओढा. त्यानंतरच्या जुलैत वार्षिक पडताळणीला साहेब आले. रजिस्टरवर बोट फिरवत त्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले हा नग प्रत्यक्ष दाखवा. हेडसरांनी, त्याच हेडसरांनी, खिडकी उघडली आणि ओढ्याकडं हात केला. मोरी पाण्याखाली होती. साहेबांनी थोडा वेळ बघितलं, आणि तेवढ्यात टेबलावरचा शिपाईमामांचा मोबाईल वाजला. तिसरा मेसेज. साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नग कार्यरत, पाण्याखाली,' आणि सही केली.